दात न बघितलेला बैल

आमच्या गल्लीत एक अॅफिलिएट मार्केटर राहतो. गाव त्याला अॅफिडेव्हिट म्हणतं. यात गावाचा दोष नाही, त्याच्या आईचा आहे. ‘पोरगं काय करतं हो?’ या प्रश्नाला ती माउली दोन वर्षं ‘कॉम्प्युटरवर असतो’ एवढंच सांगायची. एकदा त्याने तिला खरा शब्द पाठ करून दिला. दुसऱ्या दिवशी तिने नळावर जाहीर केलं, “आमचा बारक्या अॅफिडेव्हिटचं काम करतोय.” आठवडाभरात दारात तीन माणसं स्टॅम्पपेपर घेऊन उभी. एकाला रेशनकार्डावरचं नाव दुरुस्त करायचं होतं, एकाला जातीचा दाखला काढायचा होता, तिसरा नुसताच बसून चहा पिऊन गेला.

त्याचं खरं नाव इथे सांगत नाही. एक तर तो माझा विद्यार्थी. दुसरं म्हणजे नाव छापलं की तो अंक हातात घेऊन येईल आणि ‘सर, यात माझ्या साईटची लिंक कुठाय?’ म्हणून विचारील. शिवाय हा एकट्याचा प्रश्न नाही. पुणे-सातारा रस्त्यावरच्या दर गावात आता असा एक तरी नमुना सापडतो. नीरा नदी ओलांडून तुम्ही पुणे जिल्ह्यातून सातारा जिल्ह्यात शिरलात की पहिलंच मोठं गाव आमचं शिरवळ. पहाटे एमआयडीसीच्या बसेस पोरांना शिफ्टला उचलून नेतात, तेव्हा आमचा हा नुकताच झोपायला गेलेला असतो. अमेरिकेत दिवस असतो म्हणे. त्याचा वाचक लोणंद, खंडाळा, फलटणचा. अमेरिकेशी याचा काय संबंध, हे मला अजून कळलेलं नाही.

धंदा तसा साधा आहे. दुकान दुसऱ्याचं, माल दुसऱ्याचा, गिऱ्हाईकही दुसऱ्याचंच. आपण फक्त एक वेबपान लिहायचं, त्यात वस्तूची तारीफ करायची आणि खाली लिंक ठेवायची. लिंकवरून कुणी खरेदी केली की आपल्याला टक्केवारी. अॅमेझॉनने ही योजना 1996 साली अमेरिकेत काढली आणि 2013 च्या जूनमध्ये कंपनीचं दुकान भारतात उघडलं, ही सनावळी त्याला तोंडपाठ आहे. माझ्या तासाला याला पानिपतचं साल कधी आलं नाही.

हे सगळं त्याने वडिलांना समजावलं तेव्हा मी ओट्यावरच होतो. तात्या जनावरांच्या बाजारातले दलाल. लोणंदपासून पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेपर्यंत खिल्लारांच्या दावणी त्यांनी पायाखाली घातलेल्या. खांद्यावरच्या उपरण्याखाली दोघांचे हात जातात, बोटं दाबली जातात, तोंडाने अक्षर नाही आणि सौदा तुटतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हंजे दलालीच की रं.”

“दलाली नव्हे तात्या, परफॉर्मन्स मार्केटिंग.”

“बरं. माल बघितलास का?”

“फोटो आहेत ना.”

“दात?”

यावर तो हसला, पण तात्या हसले नाहीत. बैल आदत आहे, दुसा आहे का चौसा, हे जबड्यात हात घातल्याशिवाय त्यांनी आयुष्यात कधी सांगितलं नाही. पोरगं मात्र एका रात्रीत ‘2,000 रुपयांच्या आतले सर्वोत्तम 7 मिक्सर’ लिहून मोकळं होतं. त्यांच्या घरात आजही पाटावरवंटा आहे.

त्याच्या लेखनाचा मी पहिला वाचक. म्हणजे शुद्धलेखन तपासायला तो पानं माझ्याकडे आणायचा. पुढे ‘सर, शुद्ध लिहिलं तर सर्चला येत नाही’ असं सांगून त्याने तेही बंद केलं. त्याची गाजलेली कृती म्हणजे ‘सुभानमंगळ किल्ल्यावर जाताना सोबत न्यायच्याच अशा 10 वस्तू’. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: सुभानमंगळ हा आमच्या शिरवळचा किल्ला, नीरेच्या काठचा. 1648 साली आदिलशाही फौजेने तो घेतला आणि शिवाजी महाराजांनी कावजी मल्हारांना पाठवून परत मिळवला. स्वराज्याच्या अगदी पहिल्या लढायांतली ही एक, तेव्हा अभिमान आहेच. पण किल्ला भुईकोट आहे. आज त्याचे जेमतेम अवशेष उरलेत आणि तिथे माणूस पायात चप्पल अडकवून, तंबाखू मळत जाऊ शकतो. त्या किल्ल्यासाठी याने सुचवलेल्या दहा वस्तूंत ट्रेकिंगची काठी होती, डोक्याला बांधायचा दिवा होता, उणे पाच अंशाला चालणारी स्लीपिंग बॅग होती आणि दोन माणसांचा वॉटरप्रूफ तंबू होता.

“अरे, तिथे चढ कुठे आहे?” मी विचारलं.

“सर, चढ कीवर्डला आहे.”

हे पान वाचून कुणीतरी खरंच लिंक दाबली. पण काठी घेतली नाही की दिवा घेतला नाही. घेतलं काय, तर कुकरचं गॅस्केट. या धंद्यातली गंमत अशी, की तुमच्या लिंकवरून माणूस दुकानात शिरला आणि 24 तासांच्या आत त्याने तिथे भलतंच काही घेतलं, तरी टक्केवारी बहुधा तुम्हालाच. म्हणजे पुसेगावच्या यात्रेत तात्यांनी गिऱ्हाईकाला बैल दाखवावा, त्याने शेजारच्या पालावर शेव-रेवडी घ्यावी आणि हलवायाने तात्यांना दलाली आणून द्यावी. गॅस्केटचे सात-आठ रुपये जमा दिसले, त्या दिवशी त्याने गल्लीत कंदी पेढे वाटले. पाव किलो. हिशेब तुम्हीच करा.

मग एक अडचण उभी राहिली. नव्या माणसाने 180 दिवसांत तीन विक्र्या करून दाखवाव्या लागतात, नाहीतर खातं बंद. शिवाय स्वतःच्या लिंकवरून स्वतः केलेली खरेदी धरत नाहीत. एकशे सत्तराव्या दिवशी रात्री साडेनऊला तो माझ्याकडे आला. दोन झाल्या होत्या, एक कमी होती. चेहरा दहावीच्या निकालादिवशी होता तसा. “सर, काहीही घ्या, पण या लिंकवरून घ्या.” मास्तर माणूस, पोटात कालवलं. मी त्याला विचारलं, “कशावर जास्त सुटतं?” आणि आयुष्यात पहिल्यांदा एका विद्यार्थ्याच्या करिअरला मी प्रत्यक्ष हातभार लावला. मी तंबू घेतला.

तंबूकडे पुन्हा येऊ.

दरम्यान त्याने दुसरी साईट काढली, जाहिरातींवर चालणारी. आपल्या पानावर गूगल जाहिराती लावतं आणि त्यातले पैसे आपल्याला देतं. त्यात खात्यावर 10 डॉलर जमले की पत्ता खरा आहे का हे बघायला गूगल चक्क टपालाने पत्र पाठवतं, आत सहा आकडी पिन. सगळ्या जगाची माहिती ज्यांच्याकडे आहे त्यांना आमचं घर सापडायला शेवटी पोस्टमनच लागतो, याचा मला मनापासून आनंद झाला. पोस्टमनने परदेशी शिक्क्याचं पाकीट आणलं तेव्हा गल्ली गोळा झाली. तात्यांना वाटलं, बँकेची जप्ती. आईने पाकीट देवापुढे ठेवलं, हळदकुंकू वाहिलं आणि कुंकवाचं बोट नेमकं पिनच्या शेवटच्या आकड्यावर उमटलं. तो आकडा तीन आहे का आठ, यावर पोस्टमनसकट सगळ्यांचं मतदान झालं. आठ निवडून आला, निघाला तीन. पुढे पैसे हातात पडायला 100 डॉलर जमावे लागतात. त्याला अकरा महिने लागले.

ते अकरा महिने त्याने काय काय लिहिलं, ते सांगितलं तर तुम्हाला हल्लीच्या मराठी इंटरनेटची ओळख होईल. सातबारा कसा काढायचा. पीकविमा कधी येणार. आणि तीन जानेवारी जवळ आली की ‘सावित्रीबाई फुले भाषण, 10 ओळी, सोपं’. सावित्रीबाईंचं जन्मगाव नायगाव आमच्याच खंडाळा तालुक्यात, शिरवळपासून हाकेच्या अंतरावर. शाळेची सहल मी स्वतः तिथे नेली होती. हा त्या दिवशी गैरहजर होता. पोट दुखत होतं म्हणे. तर त्या भाषणाच्या पानावर डिसेंबरअखेरीला झुंबड उडते. गेल्या वर्षी एका शाळेत मी पाहुणा म्हणून गेलो. चौथीतली एक चिमुरडी खणखणीत आवाजात बोलली, ‘3 जानेवारी 1831 रोजी’पासून सगळं बिनचूक, आणि शेवटी हात जोडून त्याच सुरात म्हणाली, “अशाच नवनवीन माहितीसाठी आमचा व्हॉट्सअॅप ग्रुप आत्ताच जॉइन करा, जय हिंद, जय महाराष्ट्र.” टाळ्या कडकडून पडल्या. मीही वाजवल्या. लेखक कोण ते मला ठाऊक होतं.

त्याचं खरं सुगीचं वर्ष 2024. जूनच्या अर्थसंकल्पात मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जाहीर झाली, महिन्याला 1,500 रुपये, आणि महाराष्ट्रातल्या सगळ्या बहिणींच्या आधी हे भाऊ जागे झाले. ‘मोठी बातमी! या दिवशी खात्यात जमा होणार’ हे पान तो रोज सकाळी लिहायचा आणि रोज संध्याकाळी तारीख बदलायचा. आमच्या शेजारच्या पापडवाल्या आक्कांनी ते एकदा माझ्यासमोर उघडलं. वर केसगळतीची जाहिरात, खाली कर्जाची, मधे ‘पुढे वाचा’, मग गुडघेदुखी, मग पुन्हा ‘पुढे वाचा’, आणि अगदी तळाला एक ओळ: ‘याबाबत अद्याप अधिकृत माहिती आलेली नाही.’ आक्का म्हणाल्या, “ह्येला यवढं लिवायला कशाला पायजे हुतं? मला हाक मारून सांगितलं आसतं तरी चाललं आसतं.”

त्या चार महिन्यांत त्याने कंपनीतल्या पोरांपेक्षा जास्त मिळवलं, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. नवा लॅपटॉप आला, स्थळंही येऊ लागली. एका मुलीचे वडील साताऱ्याहून आले. पगार विचारला. हा म्हणाला, “पगार नाही, पॅसिव्ह इन्कम. मी झोपलेला असतानाही पैसे येतात.” पाहुण्यांनी पोह्याची बशी खाली ठेवली. “ते ठीक आहे. पण जागे असताना काय करता?” स्थळ बारगळलं.

मग दोस्तांनी घात केला. एमआयडीसीच्या पाळीवरून सुटलेली आठ-दहा पोरं, मैत्रीपोटी, रात्री कट्ट्यावर बसून याच्या पानावरच्या जाहिराती धडाधड दाबू लागली. जाहिरातवाल्यांना शंका आली आणि खातं गोठलं. त्याच सुमारास सर्चचा ‘अपडेट’ का काय तो आला आणि पहिल्या पानावरची साईट सातव्या पानावर गेली. हा अपडेटबद्दल असं बोलतो, जसं आमच्याकडे अवकाळीबद्दल बोलतात: कुठून आला कळत नाही, पंचनामा होत नाही, भरपाई मिळत नाही.

आता या जातीच्या माणसाची तिसरी अवस्था. स्वतःचं उत्पन्न थांबलं की तो इतरांना उत्पन्न शिकवतो. याने ‘घरबसल्या लाख’ नावाचा वर्ग काढला, फी 99 रुपये, ठिकाण गावातलं मंगल कार्यालय. पडद्यावर त्या लाडक्या बहिणीच्या महिन्यातला एका दिवसाचा आकडा मोठा करून दाखवला. पुढे बसलेली पोरं पहिली पाळी संपवून, अंगावर कंपनीचाच शर्ट घालून आली होती. एकाने हात वर केला. “सर, तुम्ही महिन्याला लाख कमावताय तर ह्ये नव्व्याण्णव कशाला?”

“समाजाला काहीतरी परत द्यायचंय.”

“मग फुकट द्या की.”

हशा पिकला. मागच्या रांगेत तात्या बसले होते, उपरणं मांडीवर. पोरगं काय विकतंय ते एकदा डोळ्यांनी बघू म्हणून आले होते. कार्यक्रम संपल्यावर बाहेर चपला शोधताना त्यांनी त्याला एवढंच विचारलं, “मी दिलेला बैल लंगडा निघाला तर माणूस रातच्याला दारात यिऊन शिव्या घालतो. तुजा लंगडा निघाला तर कुणाच्या दारात जायचं?”

त्याने नियम सांगितले. 2023 च्या जानेवारीत केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने अशा शिफारस करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्यात, आपल्याला कमिशन मिळतं हे ठळक सांगावं लागतं आणि आपण ते सांगतो, वगैरे. खोटं नाही. त्याच्या साईटवर तसं पान आहे, मी वाचलंय. ते त्याने कुठून तरी उचललेलं आहे आणि त्यात शेवटी ‘सर्व वाद पाटणा न्यायालयाच्या कक्षेत’ असं लिहिलंय. बैल लंगडा निघाला तर शिरवळच्या माणसाने पाटण्याची गाडी धरावी.

एवढं सगळं लिहून त्याला लबाड मात्र म्हणवत नाही. लबाड माणूस एवढी मेहनत करत नाही. चौदा-चौदा तास खुर्चीत बसून या पोराने पाठीचं दुखणं ओढवून घेतलंय, आणि ‘पाठदुखीसाठी सर्वोत्तम 5 खुर्च्या’ हे पान तो प्लास्टिकच्या खुर्चीत बसून लिहितो. फसवणूक म्हणाल तर त्याने सगळ्यांत आधी स्वतःला फसवलंय, आणि त्याबद्दल कमिशनही मिळालेलं नाही.

हल्ली त्याच्या साईटवर एकच पान बरं चालतं: कडबाकुट्टी यंत्र घेताना काय बघावं. ते तात्यांनी सांगितलंय, याने उतरवलंय. पातं कुठे बोथट होतं, मोटर कितीची हवी, पावसाळ्यात ओल्या कडब्याने कुठे अडकतं, आणि कुठलं यंत्र अजिबात घेऊ नये. त्या शेवटच्या परिच्छेदाला लिंक नाही. तो काढून टाक, असं त्याला त्याच्या गुरूंनी ऑनलाइन सांगितलं. तात्यांनी काढू दिला नाही.

राहता राहिला तंबू. तो आला तेव्हाच मी परत पाठवणार होतो, पण वस्तू परत गेली की कमिशनही परत जातं. हा दारात उभा राहून म्हणाला, “सर, तेवढं करू नका.” केलं नाही. दोन माणसांचा आहे, वॉटरप्रूफ, रंग नारिंगी. एकदाच उभा केलाय, तोही अंगणात, पापड वाळत घालायला आक्कांनी मागितला तेव्हा. सुभानमंगळला मुक्कामी जाणाऱ्या कुणाला हवा असेल तर घेऊन जावा. दात बघून घ्या, मी नाही म्हणणार नाही.