सहप्रवासी-परिचय-मीमांसा

प्रास्ताविक

विषय लहान असल्याने शास्त्र लहान ठरत नाही. आगगाडीच्या डब्यात समोरच्या बाकावरील काकू डबा उघडतात, दोन पुऱ्या पुढे करतात आणि विचारतात, “आणि हे कोण?” त्या क्षणी समलिंगी पुरुषाने शेजारी बसलेल्या आपल्या पुरुषाविषयी जे पहिले वाक्य उच्चारावे, त्यास ‘परिचयवाक्य’ म्हणावे. त्याचे वर्गीकरण हे प्रस्तुत शास्त्राचे प्रयोजन होय.

क्षेत्रनिश्चिती

प्रस्तुत अभ्यासकाचे वास्तव्य बीरगांव येथे, म्हणजे रायपूरला लागून, उरला औद्योगिक क्षेत्राच्या शेजारी आहे. अभ्यासक्षेत्र रायपूर ते नागपूर हा लोहमार्ग. अभ्यासवाहन गीतांजली एक्सप्रेस. मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना १९७७ साली ही गाडी श्रेणीविरहित म्हणून सुरू झाली. कालांतराने तीत वातानुकूलित डबे आले आणि श्रेणीही परतल्या. वर्गीकरणास याहून अनुकूल स्थळ संभवत नाही.

लक्षणदोष

न्यायशास्त्रात लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत. ‘मित्र’ या पदात अतिव्याप्ती आहे, कारण ते शाळासोबत्यासही लागू पडते. ‘रूम पार्टनर’ या पदात अव्याप्ती आहे, कारण ते स्वयंपाकघरापर्यंत पोचत नाही. ‘पती’ या पदात असंभव आहे. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहास मान्यता देण्यास नकार दिल्याने हा दोष तूर्त कायम समजावा.

प्रकार

१. औद्योगिक: “एकाच कंपनीत आहोत.” उरला-सिलतरा भागात कारखाने विपुल असल्यामुळे हे वाक्य तत्काळ पटते. त्याच कंपनीतील तिसरा गृहस्थ डब्यात निघाल्यास ते बाधित होते.

२. निवासमूलक: “रूम पार्टनर.” विद्यार्थिदशेत निर्दोष. चाळिशीनंतर प्रश्नकर्ता करुणेने पाहू लागतो व स्थळे सुचवतो.

३. गोत्रमूलक: “आतेभाऊ.” सर्वांत घातक. याचे विवेचन पुढे संप्रदायप्रकरणी येईल.

४. चित्रपटीय: येथे वाक्य न उच्चारता सिनेमाचा विषय काढतात. ‘दोस्ताना’ (२००८) या चित्रपटात दोन पुरुष भाड्याचे घर मिळावे म्हणून जोडपे असल्याचा बहाणा करतात. व्यवहारात भाड्याचे घर मिळावे म्हणून जोडपी नेमका विपरीत बहाणा करतात. यास ‘दोस्ताना-व्यत्यास’ म्हणावे. ‘शुभ मंगल ज्यादा सावधान’ (२०२०) मध्ये पित्यास पुत्राचे गुपित आगगाडीतच कळते. सबब तो धावत्या गाडीत वर्ज्य. २०२५ साली सनडान्स महोत्सवात पुरस्कार मिळवणाऱ्या रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’चा अभिमानाने उल्लेख केल्यास काकू विचारतात, “कशावर आहे?” आणि अभ्यासक मूळ प्रश्नापाशी परत येतो.

५. ऊर्ध्वशायिक: विवाद्य व्यक्ती प्रश्नापूर्वीच वरच्या बर्थवर चढून निजते. याचे उपप्रकार दोन: सघोरण व अघोरण. अघोरण श्रेयस्कर, कारण आपण कोण ठरलो हे निजणाऱ्यास ऐकू येणे आवश्यक असते.

६. सत्यवाचक: ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालापासून, प्रौढांच्या संमतीचे संबंध गुन्हा न राहिल्यामुळे, हा प्रकार कायद्याने निर्दोष आहे. मात्र सत्य सांगून झाल्यावरही नागपूर येईपर्यंत त्याच बाकावर बसावे लागते.

संप्रदाय

बोरतलाव ओलांडून दरेकसा आले की महाराष्ट्र लागतो. डोंगरगड-संप्रदायाच्या मते परिचयवाक्य त्यापूर्वीच उरकावे, कारण तोवर प्रश्न हिंदीत किंवा छत्तीसगढीत येतो व उत्तराने शमतो. गोंदियानंतर तो मराठीत येतो आणि आडनावाकडे वळतो. “आतेभाऊ का? मग आत्या कुठं दिली म्हणता?” येथपासून आमगाव, तुमसर, भंडारा अशी सोयरिकीची उलटतपासणी सुरू होते आणि गोत्रमूलक प्रकार नष्ट होतो.

गोंदिया-संप्रदाय म्हणतो की तेथे प्रवासी बदलतात, म्हणून वाक्यही नवे घ्यावे. जो प्रवासी रायपूरपासून नागपूरपर्यंत बसून दोन्ही वाक्ये ऐकतो, तो ‘उभयसाक्षी’ होय. त्यावर उभय संप्रदायांत उपाय नाही.

मितान-सिद्धान्त

छत्तीसगडात जगन्नाथाचा महाप्रसाद, गंगाजल किंवा भोजली या सणाचे कोंब यांची देवघेव करून दोन पुरुष वा दोन स्त्रिया आयुष्याचे मितान होतात. मग ते परस्परांस नावाने हाक मारीत नाहीत आणि दोन्ही घरे सुखदुःखात सोयऱ्यांप्रमाणे बांधली जातात. राज्य शासनाने २०२२ मध्ये दाखले घरपोच देणाऱ्या योजनेसही हेच नाव दिल्याने दोघांपैकी एकास सरकारी सेवक समजले जाण्याचा संभव आहे. तो लाभदायकच मानावा.

पूर्वपक्ष असा की या विधीचा प्रणयाशी संबंध नाही, म्हणून हे परिचयवाक्य असत्य ठरते. उत्तरपक्ष असा की काकूंनी प्रणयाविषयी विचारलेच नव्हते. हा आजारी पडला तर कोण धावेल आणि पुऱ्या किती जणांत वाटायच्या, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते. त्या प्रश्नास मितान हे संपूर्ण उत्तर आहे.

निर्णय

“हा माझा मितान” हे वाक्य ग्राह्य. तथापि विधी केल्यावाचून ते उच्चारू नये. भोजलीचा दिवस राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी येतो. ज्यांचे आरक्षण त्यापूर्वीचे असेल, त्यांनी तोवर अघोरण ऊर्ध्वशायिक प्रकारावर भागवावे.