साक्ष द्यायला गेलो होतो

आमच्या नगरला अमेरिकन मिशन आलं १८३१ साली. तेव्हापासून तिकडचे लोक इकडे येऊन आम्हाला सांगत आले. आता आपल्यातला एक तिकडे जाऊन चार गोष्टी सांगणार, म्हणून आमची मंडळी खुशीत होती. मी फ्रान्सला, तेझे नावाच्या गावी, तरुणांच्या शिबिरात सहा आठवडे सेवेला निघालो होतो. पाळकसाहेबांनी माझ्यासाठी खास प्रार्थना केली. ती इतकी लांबली, की पुढच्या आठवड्यातलं विमान आजच चुकतंय की काय असं वाटलं. मी वीस मिनिटांची साक्ष इंग्रजीतून पाठ केली होती. कुठं गहिवरायचं, तिथं पेन्सिलीनं खूणही केली होती.

तेझे हे बर्गंडीतलं टेकडीवरचं चिमुकलं खेडं. १९४० साली रॉजर नावाचा स्विस तरुण जिनिव्हाहून सायकल मारत इथं पोचला. त्यानं घर घेतलं, युद्धातल्या निर्वासितांना आसरा दिला आणि पुढं त्यातून मठ उभा राहिला. त्यात प्रोटेस्टंट आणि कॅथलिक एकत्र नांदतात. (आमच्याकडे दोघांची कब्रस्तानंही वेगळी.) मठातले ब्रदर देणगी घेत नाहीत, मातीची भांडी वगैरे घडवून स्वतःचं पोट भरतात. उन्हाळ्यात दर आठवड्याला हजारो पोरंपोरी येतात. हजारो पोरं म्हणजे हजारो वाडगे. ते घासायचे कोणी, हा मुद्दा माझ्या साक्षीत कुठंच नव्हता.

"तुला काय चांगलं येतं?" कामं वाटणाऱ्या पोलिश मुलीनं विचारलं.

"बोलता येतं," मी नम्रपणे म्हणालो.

तिनं माझ्या नावापुढं लिहिलं : भांडी.

जेवायला एक चमचा. काटा नाही, सुरी नाही. चहासुद्धा वाडग्यातच, आणि वाडग्याला कान नाही. पहिल्या सकाळी समोरच्या बाकावरची जर्मन मुलं हात भाजून घेत होती, फुंकत होती, वाडगा खाली ठेवत होती. मी बशीवर वाढलेला माणूस. वाडगा बोटांच्या टोकांवर तोलला, अंगठा काठावर टेकवला आणि फुर्रकन ओढला. टेबल गप्प झालं. दुसऱ्या दिवशी तिघं शिकायला आले. माझ्या मिशनकार्याला आलेलं पहिलं फळ ते हेच. खरं सांगायचं तर शेवटचंही.

चर्चमध्ये बहुतेक सगळे जमिनीवरच बसतात. पाश्चात्त्य गुडघ्यांचे हाल बघवत नव्हते. मी मांडी घालून असा बसलो, की एका मुलीनं मी योग शिकवतो का म्हणून विचारलं. गाणी म्हणजे एकच ओळ, पुन्हा पुन्हा, दहा-बारा वेळा. बाकीच्यांना त्याचं अप्रूप. आम्ही ना. वा. टिळकांच्या भजनांवर पोसलेले. धृपद किती घोळवायचं याला आमच्याकडे एकच मर्यादा, तबलजीचा हात. सातव्या फेरीला राहवेना, मी टाळी धरली. शेजारच्या इटालियनानं फार प्रेमानं माझा हात खाली ठेवला.

आणि मग, प्रार्थनेच्या ऐन मध्यावर, शांतता. पाच-दहा मिनिटं, हजारो माणसं, आणि कोणी खोकतसुद्धा नाही. आमच्या मंडळीत एवढी शांतता 'यंदा हिशेब कोण लिहिणार?' असं विचारल्यावरच पसरते.

चौथ्या आठवड्यात मला बढती मिळाली. चर्चच्या दाराशी उभं राहायचं आणि 'शांतता' असं लिहिलेली पाटी उंच धरायची. आपण मात्र चकार शब्द काढायचा नाही. लोक आत-बाहेर करत, माझ्याकडे बघून हसत. मी पाटी हलवत असे. पाठ केलेल्या साक्षीतले उतारे मनात वर येत आणि पाटीला आपटून परत जात.

महिन्याभरात मराठीचा एक शब्द कानावर पडला नव्हता. एका संध्याकाळी घंटा वाजत असताना पाठीमागून आवाज आला, "अगं, हा आपल्याकडचा दिसतोय!" दोन बायका. बोलण्याचा हेल वसईकडचा. माझ्या घशात चार आठवड्यांचं मराठी एकदम दाटून आलं. तोंड उघडणार, तेवढ्यात समोरून एक ब्रदर पांढऱ्या झग्यात येताना दिसले. मी घाईघाईनं पाटी वर धरली आणि डोळ्यांनी, भुवयांनी, मानेनं जमेल तेवढं सांगायचा प्रयत्न केला.

धाकटीनं मला आपादमस्तक पाहिलं. "मुका आहे वाटतं गं बिचारा."

"चल," थोरली हळहळून म्हणाली, "आत गेल्यावर आधी त्याच्या वाचेसाठी मागू या."