वरातीमागून घोडी

करमाडच्या आमच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये दोन वाहनं उभी आहेत. एक वडिलांची बजाज चेतक आणि दुसरी राणी. दोन्हींवर बसायची सोय नाही. चेतक तिरकी करून झाली, किक मारून मारून पोटऱ्या भरून आल्या, पण ती हूं की चूं करत नाही. राणीचा पुढचा उजवा गुडघा कायमचा सुजलेला. डॉक्टर म्हणाले, पाठीवर दप्तरसुद्धा ठेवू नका. पण स्कूटर पाहून लोक हळहळतात, “वा! सांभाळून ठेवा सर, असली गाडी आता मिळायची नाही.” आणि घोडी पाहून विचारतात, “हिचा उपयोग काय?” १९७२ साली आलेल्या त्या स्कूटरला राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव आहे, स्कूटरचं नाव घोड्याला नाही, हे कोण सांगणार!

राणी मूळची परण्याची घोडी. शेंद्र्यापासून बदनापूरपर्यंतचे कितीतरी नवरदेव तिच्यावर बसून मारुतीला गेले. त्यातले काही आज तिच्यापेक्षा जास्त लंगडतात. पुढे नवरदेवांना उघड्या टपाच्या मोटारी आवडू लागल्या, तेव्हा माझ्या मावसभावानं तिला विकायला काढलं. आलेल्या गिऱ्हाइकानं तिचा ओठ वर करून दात पाहिले, गुडघ्यावरून हात फिरवला आणि एक शब्द न बोलता चालू लागला. मी नुकताच शाळेतून निवृत्त झालो होतो. महिन्यापूर्वीच एका क्लासवाल्यानं मलाही अस्संच पाहिलं होतं. मी राणीची दोरी हातात घेतली.

बायको काही बोलली नाही. शेजारणीनं खोदून विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, “आता घरात दोघं रिटायर. एकाला पेन्शन आहे, पण दुसरीला चहा लागत नाही.”

इतिहास शिकवताना मी पोरांना सांगायचो, स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येतो तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर. स्वतःची घोडी असून तिच्या पुढे दोरी धरून पायी चालणाऱ्याला मराठेशाहीत हुद्दाच नाही.

वयानं राणीच्या दाढा झिजल्यात. कडबा चावते, चोथ्याचा गोळा करते आणि पानाचा चोथा टाकावा तसा पायाशी टाकून देते. म्हणून गव्हाचा कोंडा आणि पेंड भिजवून तिची लापशी करावी लागते. ‘इथंच घोडं पेंड खातं’ असं म्हणतात, त्यातलं ‘इथंच’ म्हणजे आमच्या खर्चाच्या वहीचं शेवटचं पान. नाला काढून टाकल्या, तरी खूर नखांसारखे वाढतातच, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. दीड-दोन महिन्यांनी ते तासायला नालबंद शोधायचा. तो सापडणं चेतकचा मिस्त्री सापडण्याइतकंच दुर्मीळ.

पण एक गोष्ट नवरदेवांना कधी कळली नाही. घोडीवर बसणाऱ्याला तिचे फक्त कान दिसतात. मला तिचं तोंड दिसतं. दुपारी ती उभ्या उभ्या डुलकी घेते. पायांचे सांधे खिट्टी लावल्यासारखे अडकवून ठेवायची सोय तिला जन्मतः आहे (संभाजीनगरच्या बशीत उभं राहून जाताना मला तिचा फार हेवा वाटतो). तेव्हा तिचा खालचा ओठ असा काही लोंबतो की बैठकीत झोपलेल्या अध्यक्षांची आठवण व्हावी. आणि खरारा करताना मानेच्या बुडाशी नेमकी जागा सापडली, की तिचा वरचा ओठ लांब होऊन थरथरतो आणि ती वळून माझा खांदा दातांनी हळूहळू खाजवू लागते. उसनं लगेच फेडते! स्टाफरूममध्ये माझी पाठ अनेकांनी खाजवली, पण ती पेपर तपासायला देण्यापूर्वी.

शेजारच्या शेतकऱ्याला हे पटत नाही. “सर, बसायला येईना, गाडीला जुपायला येईना. मंग कामून पोसायलाव?”

मी त्याला वारीतल्या रिंगणाचं उदाहरण दिलं. अंकलीहून शितोळे सरकारांचे दोन अश्व आळंदीला येतात. एकावर स्वार असतो, दुसरा मोकळा, कारण त्यावर माउली. त्या मोकळ्या अश्वाच्या टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडते. “ज्याच्यावर कुणी बसत नाही त्याचाच मान मोठा,” मी म्हणालो.

त्यानं राणीच्या टापांखाली निरखून पाहिलं. “माती ऱ्हाऊ द्या. लीद दोन घमेले न्यू का? अद्रकीला टाकतो.” तेव्हापासून दर आठवड्याला नेतो. प्रश्न मात्र दर आठवड्याला तोच विचारतो.

गेल्या वैशाखात जालना रोडनं वरात चालली होती. डीजे सुरू झाला तसे राणीचे कान टवकारले. मी खरारा हातात घेऊन वाकलेलो, तेवढ्यात मेखेसकट दोरी ओढत ती फाटकाबाहेर! नवरदेव पुढं मोटारीच्या टपातून अर्धा बाहेर, मागं नाचणारी पोरं, त्यांच्यामागं राणी, बरोबर ठेक्यावर लंगडत, आणि तिच्यामागं लेंगा सावरत मी. एका आजीबाईंनी तिला हळदीकुंकू लावलं. नवरदेवाच्या काकानं तिच्यावरून २०० रुपये ओवाळले आणि माझ्या हातात कोंबले. “घोडीवाले, आणखी लागले तर सांगा.”

बायकोनं वहीत लिहिलं, ‘राणी, जमा २००.’ त्या पानावरची जमेची पहिलीच नोंद. तिच्याखाली दुसऱ्या दिवशीची आहे, ‘गुडघ्याचं मलम, २८०.’