रशियनवाला

पुण्यात जर्मन शिकणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. तो जर्मनीला जाणार हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं असतं. जपानी शिकणाऱ्याच्या आईला तर हळदीकुंकवात मान असतो. रशियनमध्ये एम. ए. करणाऱ्याला मात्र दोनच प्रश्न येतात. ‘रशियनच का?’ आणि ‘मग पुढे काय?’ पहिल्याचं उत्तर तो पाऊण तास देतो. दुसऱ्याच्या वेळी त्याला नेमकी लेक्चरची आठवण होते.

हा फर्ग्युसन रस्त्यावर, रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात सापडतो. सर्टिफिकेटला गंमत म्हणून आलेला असतो, डिप्लोमा हट्टानं केलेला असतो, आणि एम. ए.ला येईतो परतीची वाट बंद झालेली असते. मूळ शोधायला गेलं तर दोष घराण्यात निघतो. एके काळी ‘सोव्हिएत देश’ या नियतकालिकाच्या गुळगुळीत कागदाची कव्हरं पोरांच्या वह्यांना घालत. याच्या घरी कुणीतरी कव्हर घालण्याआधी तो अंक वाचला. तिथे घात झाला.

शाळेत मराठीच्या आठ विभक्ती कधी पाठ न केलेला हा मुलगा रशियनच्या सहा विभक्तींचा तक्ता बाथरूमच्या दारावर चिकटवतो. रशियनमध्ये एक स्वर आहे, तो काढताना ओठ ‘ई’चे ठेवायचे आणि जीभ मागे ओढायची. पहाटे हा रियाज सुरू झाला की आई ओवा घेऊन दारात उभी. पण खरा छळ ‘जाणे’ या क्रियापदाचा. पायी जाणं वेगळं, वाहनानं जाणं वेगळं. एका दिशेनं जाणं वेगळं, रोज जाऊन येणं वेगळं. पीएमपीच्या थांब्यावर आईचा फोन येतो, “निघालास का रे?” हा मनातल्या मनात क्रियापद निवडत बसतो आणि बस निघून जाते.

मग साहित्य. कादंबरीतल्या प्रत्येक माणसाला स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव, वर दोन-तीन लाडाची नावं. ‘करमाझव बंधू’मधला दिमित्री पान उलटलं की मित्या होतो आणि अलेक्सेईचा अल्योशा होतो. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूला हा त्यांच्या वंशावळी काढतो. स्वतःच्या पणजोबांचं नाव विचारा, आत जाऊन आईला विचारून येतो. रशियात मोठ्या माणसाला नाव आणि बापाचं नाव घेऊन हाक मारतात हे कळल्यापासून काकांना ‘गजानन विष्णूविच’ म्हणतो. काकांनी बोलणं सोडलंय, हे त्याला तल्स्तोयच्या कादंबरीत शोभेलसं वाटतं. (टॉलस्टॉय म्हणालात तर तो दुरुस्त करतो. तुम्ही पुन्हा टॉलस्टॉय म्हणालात तर तो पुन्हा दुरुस्त करतो.)

मृत्यू हा त्याचा आवडता विषय. गोगलनं ‘मृत आत्मे’चा दुसरा भाग जाळला आणि थोड्याच दिवसांत स्वतः गेला, १८५२. चेखव जर्मनीत गेला, त्याचं शव रशियात आलं ते कालवं नेण्याच्या रेल्वे डब्यातून. हे सगळं तो जेवताना सांगतो. मावसबहिणीच्या लग्नात पंगतीला दोन साडू शेजारी शेजारी बसले होते, बऱ्याच वर्षांनी दिलजमाई झालेली. यानं मठ्ठ्याची वाटी खाली ठेवत माहिती पुरवली, की १८३७ साली पुश्किनला द्वंद्वात गोळी घातली ती त्याच्या साडूनंच, आणि तीही साडू झाल्यावर महिन्याच्या आत. जिलबी घेऊन आलेला वाढपी तसाच माघारी गेला.

मित्र त्याच्याबरोबर सहलीला जात नाहीत. अलिबागला म्हणून नेतो आणि रेवदंड्याला उतरवतो. तिथे शाळेच्या आवारात अफनासी निकितिनचं स्मारक आहे. १४६९च्या सुमारास हा रशियन व्यापारी घोडा विकायला चौलला उतरला, वास्को द गामाच्या तब्बल तीसेक वर्षं आधी. भर उन्हात हे सगळं ऐकून होईपर्यंत खानावळीतली सुरमई संपलेली असते. २०२२ मध्ये मॉस्कोत अण्णाभाऊ साठ्यांचा पुतळा बसला तेव्हा मात्र यानं सोसायटीत पेढे वाटले. शेजाऱ्यांना वाटलं, नोकरी लागली.

तशी कामं मिळतात. नाशिकजवळ ओझरला सुखोई विमानं बांधली, त्यांची जाडजूड कागदपत्रं रशियन. डॉक्टर व्हायला रशियाला निघालेल्या पोरांच्या गुणपत्रिका रशियनमध्ये करून हव्या असतात. म्हणजे दोस्तोयेवस्कीच्या अपराधी मनावर प्रबंध लिहिणारा माणूस पंपाच्या वॉशरवर बारा पानं अनुवादतो, आणि पानामागे पैसे घेतो. गोव्यात मोरजीला रशियन पर्यटकांची वर्दळ, म्हणून तिथल्या एका शॅकवाल्यानं मेनूकार्ड दिलं. रशियनलाही मराठीसारखी तीन लिंगं. शाकुती कोणत्या लिंगात घालायची यावर यानं दोन दिवस काढले. शॅकवाल्याला फक्त किमती बरोबर हव्या होत्या. त्यातली एक चुकली.

स्थळ म्हणून कुणी चौकशी केली तर आम्ही खरं ते सांगतो. मुलगा सज्जन आहे. निर्व्यसनी आहे, व्होडकेबद्दल त्याला जे ठाऊक आहे ते सगळं कादंबऱ्यांतलं. पैसे दरमहा सारखे येत नाहीत. बाकी हरकत काही नाही, फक्त मुलीला सख्खी बहीण असेल तर अक्षता पडेपर्यंत त्याच्यापुढे पुश्किनचा विषय काढू नये.