अ‍ॅडव्हान्स्डचे सर

एसटी स्टँडच्या मागे, झेरॉक्सच्या दुकानाशेजारून वर जाणाऱ्या जिन्यावर एक पाटी असते. तालुक्याच्या कुठल्याही गावी असते, पुण्याच्या सदाशिव पेठेत असते, लातुरात तर एकेका बोळात चार-चार असतात. 'इंग्लिश ग्रामर अँड स्पोकन : बेसिक टू अ‍ॅडव्हान्स्ड'. यातलं बेसिक आता पाटीपुरतंच उरलं आहे. सरांनी ती बॅच मनापासून सुरू केली होती. जूनमध्ये पालक यायचे, फी विचारायचे आणि म्हणायचे, "आमच्या याला अ‍ॅडव्हान्स्डलाच घ्या सर, बेसिक त्याचं झालंय." तो शेजारी उभा राहून स्वतःच्या चपलेचा अंगठा न्याहाळत असायचा. बेसिकला एक नाव येईल तर शपथ. शेवटी सरांनी बेसिकचा सगळा अभ्यासक्रम जसाच्या तसा उचलून अ‍ॅडव्हान्स्डला लावला आणि फी वाढवली. तेव्हापासून सगळे सुखी आहेत.

सर पन्नाशीचे. एम.ए., सेट पास, आणि तरीही सीनियर कॉलेजात वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर. चौकड्यांचा शर्ट, खिशात तीन पेनं. निळं लिहायला, लाल तपासायला आणि हिरवं प्राचार्य झाल्यावर सह्या करायला. हिरव्यातली शाई अजून आहे तेवढीच आहे.

सर स्वतः इंग्रजी मुळाक्षरं पाचवीत शिकले. त्यांच्या पिढीत तेच होतं. 2000 सालच्या जूनपासून राज्यातल्या मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आलं, म्हणजे आत्ता समोर बसलेल्या नववी-दहावीच्या पोरांची या भाषेशी पहिलीपासूनची ओळख. इतक्या वर्षांत पोरांनी कमावलं काय, तर इंग्रजीतलं पान बघून न घाबरण्याची सवय. वाचत नाहीत, पण घाबरतही नाहीत. सर मात्र वाचायचे आणि घाबरायचे. दोन्ही पिढ्यांत हा फरक मोठा आहे आणि तो कुठल्याच गुणपत्रिकेत दिसत नाही.

टेबलावर खाकी कव्हर घातलेलं रेन अँड मार्टिन. हे पुस्तक लंडनहून बोटीने आलं असावं अशी पालकांची भाविक समजूत असते, आणि ती मोडायला सरांना फार आवडतं. ते मुंबईतच निघालं, कूपर कंपनीने काढलं, आणि त्यातला रेन हा मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होता. पुढे 1924 साली त्याने 'ब्यू जेस्ट' नावाची फ्रेंच पलटणीतल्या साहसांची कादंबरी लिहिली आणि ती जगभर खपली. हे सांगून झालं की सर क्षणभर थांबतात. मास्तरकी केलेल्या माणसाचंही पुढे बरं होऊ शकतं, हा मुद्दा त्यांना मुलांच्या मनावर ठसवायचा असतो. मुलं घड्याळाकडे बघत असतात.

वर्गाचा नियम असा की मराठी बोलेल त्याने डब्यात दोन रुपये टाकायचे. डबा भरतो. दिवाळीच्या सुट्टीआधी त्या पैशांची भेळ होते. भेळेत सगळ्यात जास्त पैसे सरांचे असतात, कारण पोरं गप्प बसतात आणि सरांना शिकवावं लागतं. कर्मणी प्रयोग इंग्रजीतून समजावताना सर दोन मिनिटं टिकतात. तिसऱ्या मिनिटाला "अरे गाढवा, कर्ता कुठे गेला?" असं येतंच. मग स्वतःच खिशात हात घालतात.

पण सरांची खरी कीर्ती आहे होमवर्कची. होमवर्क रात्री साडेदहानंतर व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर पडतो. ग्रुपात मुलं नाहीत, पालक आहेत. लगेच हात जोडल्याची चित्रं येतात. पाठोपाठ एक आई विचारते, "सर, उद्या तिचं कथ्थक आहे, अर्धा केला तर चालेल का?" एक वडील विचारतात, "सर, निबंध साधारण किती ओळींचा लिहू?" सर उत्तर देतात, "आपण नका लिहू. त्याला लिहू द्या." यावरही हात जोडल्याची चित्रं येतात.

बोर्डाचा पेपर 80 मार्कांचा, उरलेले 20 शाळेच्या हातात. पालकांना या 80 चं पडलेलं असतं. त्यांना हवं असतं 'डू अ‍ॅज डायरेक्टेड'. 'अ‍ॅज सून अ‍ॅज' काढा आणि 'नो सूनर' घाला. 'टू' काढा आणि 'सो दॅट' घाला. सर म्हणतात, अख्ख्या इंग्लंडात वर्षभरात जेवढे 'नो सूनर' वापरले जात नसतील तेवढे आपल्याकडे एका मार्च महिन्यात संपतात. ही हिशेबाची गोष्ट नव्हे, वैतागाची आहे, पण मला ती पटते. 'नो सूनर'चा सराव सरही घेतात, घ्यावाच लागतो. होमवर्क मात्र ते आपल्या मर्जीचा देतात, आणि तिथे गावाची पंचाईत होते.

एकदा त्यांनी ठरवलं की तक्रारीचं पत्र खरोखर पोस्टात पडलं पाहिजे. विषय : रस्त्यावरचे दिवे बंद. पाकीट, तिकीट, पत्ता नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांचा. मुलांनी आज्ञा पाळली. आठवड्याभरात नगरपालिकेचा वायरमन शिडी खांद्यावर घेऊन क्लासचा जिना चढला. त्याच्या हातात पत्रांचा गठ्ठा होता. साहेबांनी दिवा बघायला पाठवलंय, म्हणाला, पण हा बारा नंबरचा गांधी रोड कुठेशी आला? गावात गांधी चौक आहे, गांधी रोड नाही. सगळ्याच पत्रांवर तो पत्ता होता, कारण गाईडातल्या नमुना पत्रावर तो होता. एका मुलाने तर खाली सहीच्या जागी 'ए. बी. सी.' असंच ठेवलं होतं. सरांनी वायरमनला चहा पाजला, आणि स्टँडमागचा खरोखर बंद असलेला दिवा दाखवला. तो त्याने लावून दिला. सरांच्या मते महाराष्ट्रातल्या इंग्रजी पत्रलेखनाचं हे आजवरचं सर्वांत मोठं यश आहे.

होमवर्क केला नसेल तर चालतं, फक्त कारण इंग्रजीतून द्यायचं. या एका नियमाने पोरं जेवढं इंग्रजी बोलायला शिकली तेवढी सगळ्या ग्रामरने शिकली नाहीत. गरज असली की क्रियापदं सापडतात. एक दिवस एकजण उभा राहिला आणि खाली मान घालून म्हणाला, "सर, माय ग्रँडमदर हॅज एक्स्पायर्ड यस्टरडे." वर्ग शांत झाला. सर म्हणाले, "यस्टरडे असेल तर हॅज येणार नाही." त्याने वाक्य दुरुस्त केलं, वहीत पाच वेळा लिहिलं आणि बसला. पुढच्या आठवड्यात त्या आजी स्वतः फी भरायला आल्या. सरांनी त्यांचं स्वागत साध्या वर्तमानकाळात केलं.

आता मोबाइलने नवीनच खेळ मांडला आहे. मंगळवारी 'आय अ‍ॅम गो टू मार्केट' लिहिणारा मुलगा गुरुवारी असा उतारा आणतो की त्यात एक चूक नाही, एक स्वल्पविराम इकडचा तिकडे नाही आणि शेवटी मानवजातीला संदेश. सरांना हे ओळखायला यंत्र लागत नाही. ते म्हणतात, "हा उतारा चांगला आहे, पण हा तुझ्या गावचा नाही." मग त्यांनी फतवा काढला : होमवर्क शाईच्या पेनाने, हाताने, आणि पानात किमान तीन ठिकाणी खाडाखोड पाहिजे. विचार करणारा माणूस खोडतोच, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या वेळी वह्या आल्या. खाडाखोड होती, अगदी नीटनेटकी. पट्टी लावून खोडलेलं होतं. सरांनी चार वह्या टेबलावर शेजारी-शेजारी उघडल्या, तर चारींमध्ये दुसऱ्या, सातव्या आणि अकराव्या ओळीत तोच शब्द खोडला होता. कॉपी करताना पोरांनी खाडाखोडही कॉपी केली होती. सर रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी चौघांनाही खाली 'गुड टीमवर्क' असा शेरा दिला आणि पुन्हा लिहायला लावलं.

'ए व्हिजिट टू अ हिल स्टेशन' हा विषय त्यांनी बंद केला आहे. सगळी बॅच महाबळेश्वरला जायची, सगळ्यांना तिथे गार वारा लागायचा आणि सगळे स्ट्रॉबेरी खाऊन 'रिफ्रेश्ड' होऊन परत यायचे. यातल्या निम्म्यांनी पसरणीचा घाट बघितलेला नव्हता. त्याऐवजी सरांनी विषय दिला : सकाळी सात ते आठ तुमच्या स्वयंपाकघरात काय काय झालं ते लिहा. पालक हबकले. एका घरातून निरोप आला की आमच्या घरातलं असं बाहेर नको, त्यापेक्षा महाबळेश्वरच द्या.

माझी भाची या बॅचला आहे, म्हणून तिची वही मला बघायला मिळाली. तिने लिहिलं होतं की सात वीसला गॅस संपला. दुसरं सिलिंडर भरलेलं नव्हतं. अर्धी पोळी तव्यावर होती. आई काही बोलली नाही, बाबा पेपर मोठा करून त्यामागे गेले आणि आजी म्हणाली, मी कालच म्हटलं होतं. हे सगळं मोडक्यातोडक्या इंग्रजीत. काळ तर एका वाक्यात तीन वेळा बदललेला. सरांनी त्यातली एकही चूक लाल केली नव्हती. खाली फक्त विचारलं होतं, 'देन व्हॉट हॅपन्ड?' ती चिडली, कारण होमवर्क संपला नव्हता. मग तिने पुढचं लिहिलं : शेजारच्या काकूंचं सिलिंडर, ते उचलून आणताना जिन्यात बाबांचं आणि आईचं सुरू झालेलं भांडण. पुन्हा खाली तोच प्रश्न. असं दिवाळीपर्यंत चाललं. काळांचा सराव त्यांनी घेतला तो नंतर, तिच्याच वाक्यांवर.

वह्या तपासणं हा प्रकार आता दुर्मीळ होत चाललाय. होमवर्क देणारे पुष्कळ आहेत. तो कुठल्याशा अ‍ॅपवर पडतो, कुठल्याशा अ‍ॅपवरून भरला जातो आणि बरोबरची खूणही अ‍ॅपच करतं. सर कॉलेजच्या गावाहून परतीच्या एसटीत खिडकीशी बसून वह्या तपासतात. खड्डा आला की लाल रेघ वहीभर जाते. पोरांना वाटतं, सर फार चिडलेत.

तुमच्या घरी आठवी-नववीचं कोणी असेल आणि त्याला सरांकडे घालायचा विचार असेल, तर जरूर घाला. पण एक करा : अ‍ॅडव्हान्स्ड-बेसिकचा वाद तिथे काढू नका, आणि जाताना दोनशेपानी वही घेऊन जा. शंभरपानी त्यांना चालत नाही.