कुंपणाची वार्षिक वर्गणी

१९ जुलै २०२४ रोजी जगभरातल्या सुमारे ८५ लाख विंडोज संगणकांवर निळा पडदा आला आणि ते ठप्प झाले. हॅकर नाही, व्हायरस नाही. त्यांच्यापासून वाचायला पैसे मोजून बसवलेल्या क्राउडस्ट्राइक कंपनीच्या ‘फाल्कन’ या सुरक्षा सॉफ्टवेअरनेच हे काम हॅकरपेक्षा चोख केले. कुंपणाने शेत खाल्ले, तेही वर्गणी घेऊन.

कारण ऐकून हसावे की रडावे कळत नाही. फाल्कनच्या त्या दिवशीच्या अपडेटच्या फाइलला २१ रकाने हवे होते, फाल्कनच्याच प्रोग्रॅमने दिले २०. एकविसावा शोधताना फाल्कनचा ड्रायव्हर नको त्या मेमरीत शिरला. साधे ॲप असते तर एकटेच बंद पडले असते; पण सुरक्षेच्या नावाखाली याला थेट कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, प्रवेश. तिथे चूक झाली की अख्खे विंडोज बसते. शिवाय हे महाशय संगणक सुरू होतानाच जागे होतात, म्हणजे रीस्टार्ट केले की पुन्हा निळा पडदा!

कंपनीने ७८ मिनिटांत चूक सुधारली. पण बंद पडलेल्या यंत्राला ते सांगणार कोण? मग सेफ मोडमध्ये जा, ती फाइल हाताने पुसा. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल तर आधी ४८ अंकी किल्ली टाइप करा. तोवर भारतात विमानतळांवर काही प्रवाशांना बोर्डिंग पास हाताने लिहून मिळाले. बॉलपेनला अपडेट लागत नाही.

तेव्हा लॅपटॉप वारंवार कोसळत असेल, तर घाईने दुसरा अँटिव्हायरस चढवू नका. आहे तो राखणदार आणि ड्रायव्हर शेवटचे कधी अपडेट झाले, ते आधी तपासा.