झाकला डेक सव्वा लाखाचा

‘मॅजिक: द गॅदरिंग’ या १९९३ पासूनच्या पत्त्यांच्या खेळात स्पर्धेला आधीच बांधून आणायचा डेक सहसा किमान ६० पत्त्यांचा असतो, साधे ‘लँड’ पत्ते वगळता एका नावाचे पत्ते जास्तीत जास्त चार. कोणते पत्ते निवडले, एवढ्या गुपितासाठी मोठमोठे संघ बंद दाराआड सराव करतात. ‘यंदा काय खेळणार?’ असे विचारताच पट्टीच्या खेळाडूला हवापाण्याविषयी बोलावेसे वाटते. जिंकल्यावर यादी जाहीर होते, नक्कल सुरू होते आणि उताराही निघतो. दिलदारपणाची भाषणे बहुधा याच टप्प्यावर ऐकू येतात. खेळ काढणारी कंपनी त्याहून दिलदार. विश्वस्पर्धेत चमकलेले डेक तिने १९९७ ते २००४ या काळात सोनेरी कडेचे छापून विकले. अधिकृत स्पर्धेत ते चालत नाहीत.